कपाटात ठेवलेला चौकाबारा

आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. हे मी कधी लपवलं नाही, आणि सांगताना मला संकोचही वाटत नाही. कुठल्याशा लष्कराबरोबर तंबू शिवायला म्हणून आमचे लोक तीनशे वर्षांमागे बेंगळुरात आले, असं घरी सांगत. तेव्हापासून माझ्या वडिलांपर्यंत सगळे सुईदोऱ्यावर जगले. माझा बी. ए.चा निकाल लागला त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या शिंप्यांनी अर्धा दिवस मशिनी बंद ठेवल्या आणि मला हार घातला. हार कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, होता आणि देवळातल्या उत्सवमूर्तीला घालतात तेवढा मोठा होता.

त्या दिवसापासून माझ्या शब्दाला वजन आलं. कुणाला कोर्टाचा कागद आला, कुणाला औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून हवी असली, की सगळे माझ्याकडे. मी वाचून सांगेन ते खरं. माझं वय तेव्हा चोवीस. गल्लीतले साठ वर्षांचे म्हातारे मी बोलायला लागलो की मशिनीच्या चाकावर हात ठेवून मशीन थांबवायचे. हे वजन कसं वापरायचं ते कॉलेजात शिकवत नाहीत. मला ते आवडत होतं, एवढंच मी खरं सांगू शकतो.

एकसष्ट-बासष्टच्या सुमाराला मी पेटेतल्या, म्हणजे गावाच्या जुन्या बाजारवस्तीतल्या, एका कन्नड माध्यमाच्या मिडल स्कूलमध्ये इतिहास शिकवत होतो. विणकरांची, तांब्या-पितळेच्या दुकानदारांची, फुलं विकणाऱ्यांची मुलं होती. आमच्या शिंप्यांचीही चार-पाच होती. घरी ती मराठी बोलत, शाळेत कन्नड. मीही तसाच वाढलेला. पण शाळेच्या आवारात मी त्या चार-पाच मुलांशी एक शब्दही मराठीत बोलत नसे. कुणी म्हणू नये की मेष्ट्रु आपल्यांना वेगळं वागवतात. आमच्याकडे मास्तरांना मेष्ट्रु म्हणत, आणि मुलं समोर सार म्हणत.

त्या उन्हाळ्यात मी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. तिथं एकच धोशा होता, मुलांच्या हातांना काम द्या, नुसतं पाठ करून घेऊ नका. मला ते पटलं. शाळा उघडल्यावर मी सातवीच्या वर्गात जाहीर केलं, की प्रत्येकानं इतिहासावर एक खेळ तयार करायचा. पट, सोंगट्या, नियम, सगळं स्वतःचं. डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन असतं, शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर येतात. सगळ्यात चांगले तीन खेळ त्यांच्यापुढं टेबलावर मांडायचे.

मुलं वेडी झाली. तोवर इतिहासाच्या तासाला मागच्या बाकांवर डुलक्या चालत. आता मधल्या सुट्टीतही वर्गात पुठ्ठे कापायचा आवाज. एकानं सापशिडी केली, तिच्यात साप म्हणजे इंग्रजांचे तह. एकानं किल्ल्याचा वेढा केला आणि स्वतःचा राजा मरूच शकत नाही असा नियम घातला. वर्गात त्यावरून मारामारी झाली. "राजा मरत नाही तर मग आम्ही खेळायचं कशाला?" असं समोरचा म्हणाला, आणि मला त्यांना कोपरं धरून वेगळं करावं लागलं. एकाच्या खेळात मेलेल्या प्रत्येक हत्तीमागं दोन घरं मागं जायचं होतं. ते हत्ती त्यानं साबणाचे कोरले होते आणि पावसाळी हवेत ते एकमेकांना चिकटत.

आमच्या गल्लीतल्या एका शिंप्याची मुलगी त्या वर्गात होती. तेरा वर्षांची, दोन वेण्या, हाताच्या बोटांना सुईची टोचणं. तोंडानं फटकळ. ती पट घेऊन आली तेव्हा पहिल्यांदा मला दिसल्या त्या रेघा. कापडाच्या ताग्याच्या आत जो पुठ्ठा असतो तो तिनं घेतला होता आणि शाईनं रेघा मारण्याऐवजी मशिनीवर काळ्या दोऱ्यानं शिवल्या होत्या. पाच आडव्या, पाच उभ्या घरांचा चौकोन. सोंगट्या म्हणजे शर्टाची बटणं, चार रंगांची. फाशांऐवजी एका बाजूनं घासून पांढरे केलेले चिंचोके.

"हा चौकाबारा आहे," मी म्हणालो.

"हो, सार."

बेंगळुरातल्या कुठल्याही घराच्या ओसरीवर, देवळाच्या फरशीवर हा चौकोन खडूनं काढलेला सापडेल. बाहेरच्या घरांतून फिरत फिरत आतल्या घरांत शिरायचं आणि मधोमध पोचायचं. पण एक अट. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायला मिळत नाही.

"चौकाबारा सगळ्यांना येतो. ह्यात इतिहास कुठं आहे?"

"प्लेग आहे, सार."

मग तिनं नियम सांगितले. बाहेरची घरं म्हणजे पेटे. त्यातले लोक पेटे सोडून मोकळ्या मैदानातल्या झोपड्यांत जातात, तिथून मधोमध नव्या वस्तीत. मधल्या घरात तिनं हिरव्या दोऱ्यानं एक झाड काढलं होतं. ते मल्लेश्वरम. एक मोठं काळं बटण म्हणजे उंदीर. सगळ्यांचा एकेक डाव झाला की उंदीर एक घर पुढं सरकतो. तो जिच्या घरात येईल ती सोंगटी प्लेगच्या छावणीत जाऊन बसते, आणि दुसरं कुणी येऊन तिला घेऊन जाईपर्यंत हलत नाही.

"सोंगटी मारायची कुणी?"

"कुणी नाही, सार. मारायचं काम उंदीर करतोच की."

वर्ग हसला.

"मग आत कसं शिरायचं?"

"एकट्यानं नाही शिरता येत. दुसऱ्या कुणाला तरी बरोबर घ्यायचं. त्याचा रंग वेगळा असला तरी चालतो."

"आणि जिंकतो कोण?"

"जो सगळ्यात शेवटल्याला आत आणतो तो."

हत्तीवाला मुलगा ओरडला, "सार, मग सगळे मुद्दाम शेवटीच राहतील!"

"राहा की," ती वळून म्हणाली. "मागून उंदीर येतोय, त्याला सांग मी मुद्दाम राहिलोय म्हणून."

आता लिहिताना मला दिसतं, की सत्तेचाळीस मुलांत एकटीनं खेळाचा नियम इतिहासातून काढला होता. बाकीच्यांनी जुन्याच खेळावर राजांची नावं चिकटवली होती. पण त्या वेळी माझ्या डोक्यात कॉलेजातली वही उघडी होती. गादीवर कोण होतं, साल कोणतं, कारणं, परिणाम. मी विचारलं, "हे कुठल्या वर्षी झालं?"

"ते अत्तेला माहीत नाही, सार." अत्ते म्हणजे तिच्या वडिलांची म्हातारी आत्या. "त्या वर्षी तिचे पुढचे दात पडले होते."

वर्ग पुन्हा हसला. या खेपेला मीही हसलो. मुलं हसतात ते वेगळं. मास्तर हसले की मुलाला कळतं, आपलं काही तरी चुकलं. ती बटणं गोळा करायला लागली.

प्लेग मला माहीत नव्हता असं नाही. माझ्या वडिलांचे दोन थोरले भाऊ त्यात गेले. आमच्या घरात मेलेला उंदीर दिसला की वडील शिजत असलेलं अन्न तसंच टाकून सगळ्यांना रस्त्यावर काढत, घर धुऊन काढल्याशिवाय आत येऊ देत नसत. शेजारी हसायचे. हे मी जन्मापासून पाहत आलो होतो आणि त्याला इतिहास म्हणतात हे माझ्या मनातही आलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं ना.

पुढचे आठ-दहा दिवस मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि तिच्याकडं काणाडोळा केला. मधल्या सुट्टीत मुलं हत्तींशी खेळत नव्हती, वेढ्याशीही नाही. व्हरांड्यात खडूनं चौकोन काढून ती प्लेग खेळत होती. "चल ना, मला ने ना, उंदीर आला!" अशी ओरड शिक्षकांच्या खोलीपर्यंत येई.

त्या खोलीत गणिताचे एक मास्तर होते, वयानं मोठे, तपकीर ओढायचे. मनानं वाईट नव्हते, पण टोचून बोलायची खोड. ती ओरड ऐकून ते म्हणाले, "काय हो, तुमच्या मराठ्यांच्या पोरीचा खेळ जोरात आहे. टेबलावर येणार ना?"

"माझ्याकडे आपला-परका नाही," मी म्हणालो.

"असं सगळेच म्हणतात," ते म्हणाले आणि रुमालानं नाक पुसलं. "मी काही वाईट म्हणत नाही. ज्याचं त्याला प्रेम असतंच. स्वल्प असायलाच हवं."

खोलीतले दोघे-तिघे हसले. मला ते झोंबलं. तीनशे वर्षं या गावात राहून, यांच्याच भाषेत यांच्याच पोरांना शिकवून, अजून मी ‘तुमच्या मराठ्यांचा’. त्यावर चार शब्द सुनावायला हवे होते. ते मला जमलं नाही. त्या रागाचा हिशेब मी भलत्याच ठिकाणी चुकता केला.

त्याच आठवड्यात शाळा सुटताना मुलीचे वडील फाटकापाशी उभे दिसले. गळ्यात मापाची टेप तशीच.

"मेष्ट्रे, एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"थोरलीचं लग्न ठरलंय, पौषानंतर. ती गेली की काज-बटणाला घरात हात नाही. म्हणून धाकटीला काढू म्हणत होतो. ती रडते. म्हणते, आधी सारना विचारा."

मी त्यांना फाटकापासून जरा बाजूला घेतलं.

"मला काय कळतं?" ते म्हणाले. "मी अंगठेबहाद्दर. तुम्ही म्हणालात पोरीला डोकं आहे, तर शिकू दे. आठवी करू दे, पुढं हायस्कूललाही जाऊ दे. काजं मी करीन, डोळे अजून चांगले आहेत. तुम्ही म्हणालात नाही, तर सरी, बरं, विषय संपला. मग तिचं रडणं मी ऐकून घेणार नाही."

त्यांनी मुलीचं पुढचं सगळं माझ्या हातात असं आणून ठेवलं, आणि मला त्याचं ओझं वाटण्याऐवजी मान वाटला. मी म्हणालो, "डिसेंबरात प्रदर्शन आहे. उत्तम तीन खेळ इन्स्पेक्टरांपुढं ठेवणार. तिचा त्यात आला, तर समजा. पण आपला माणूस म्हणून मी कुणाला पुढं करणार नाही, हे आधीच सांगतो."

"नकोच करायला," ते खूश होऊन म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडं आलो."

निवड मी एका रविवारी घरी बसून केली. वेढा, सापशिडी आणि हत्ती. हत्तींचा खेळ मुळात खेळताच येत नव्हता, पण त्यात अकरा लढाया सालांसकट होत्या. तिचा पट मी शेवटपर्यंत हातात धरून बसलो होतो. मनातल्या मनात मला माहीत होतं, की हाच पहिला. म्हणूनच मी जास्त कडक झालो. पहिला दिला असता तर तपकीरवाले मास्तर हसले असते, आणि बाकीचेही. तिसरा तरी द्यायचा? मग तर म्हणतील, ओढूनताणून आणला. मी पट उलटा केला आणि मागं लाल शाईनं शेरा लिहिला, ‘काम सुबक. इतिहास नाही.’ आणि खाली सही, सहीपुढं बी. ए.

सहीपुढं डिग्री लिहायची मुलाच्या पुठ्ठ्यावर काहीच गरज नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी दाराशी आंब्याची पानं, हॉलमध्ये लांब टेबल, त्यावर पांढरी चादर. न निवडलेले सगळे खेळ मी माझ्या वर्गाच्या कपाटात ठेवले होते. सातवीच्या दोन मुलींना स्वागताला उभं केलं होतं, एकीकडे गुलाबाची फुलं, दुसरीकडे गुलाबदाणी. गुलाबदाणीवाली तीच. हेडमास्तरांनी निवडलं होतं, मी नाही. तिचे वडील धुतलेला शर्ट घालून मागच्या रांगेत पालकांमध्ये उभे होते. ते सगळं टेबल एकदा बघून आले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण स्वतःच्या मशिनीची शिवण त्यांनी शंभर हातांवरून ओळखली असती. ती टेबलावर नव्हती.

इन्स्पेक्टर आले. शांत गृहस्थ, खादीचा कोट. त्यांनी तिन्ही खेळ उचलून पाहिले, हत्ती चिकटले होते ते सोडवून बघितले, मुलांना सालं विचारली. मुलांनी धडाधड सांगितली. मला धन्य वाटलं. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "फार छान. सगळे राजेरजवाडे आहेत. आपल्या ह्या गावाबद्दल कुणी काही केलं नाही का? पेटेबद्दल, लोकांबद्दल?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. कपाट वीस पावलांवर होतं.

"इल्ल, सार," मी म्हणालो. नाही, सर.

इतकंच. ‘एक आहे, पण मी मागं ठेवलाय,’ एवढंही म्हणता आलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, मागं का ठेवलात. ते त्या मुलीपासून चार हातांवर उभे होते. ती गुलाबदाणी दोन्ही हातांनी धरून होती आणि सरळ समोर बघत होती. इन्स्पेक्टर म्हणाले, "पुढच्या वर्षी करून घ्या," आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडं गेले. जाताना तिनं त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, ठरल्याप्रमाणं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचे पट परत दिले. सोमवारपासून तिची जागा रिकामी.

हजेरीत मी आठ दिवस तिच्यापुढं गैरहजेरीची खूण करत राहिलो. मुलांनी सांगितलं, "ती येणार नाही, सार. काजं करते." नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. एका खोलीत दुकान आणि तीच बैठक. वडील फळीवर कापड बेतत होते, दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, मुलगी उंबऱ्याजवळच्या उजेडात शर्टाचं काज करत होती. मला बघून ती उठून आत गेली.

"या, मेष्ट्रे, या," वडील म्हणाले. बाकावरच्या माणसाला त्यांनी सरकवलं. "बी. ए. आहेत हे," त्याला सांगितलं.

"मुलगी शाळेत येत नाही," मी म्हणालो.

"आता कशी येईल? तुमच्या म्हणण्याप्रमाणंच केलं. पुठ्ठ्यामागचं मी शेजारच्याकडून वाचून घेतलं. इतिहास नाही, लिहिलंय. बरं झालं, स्पष्ट लिहिलंत. गोड बोलणारे पुष्कळ असतात."

"हुशार आहे ती," मी म्हणालो.

"हुशार आहे हो! हे बघा ना," त्यांनी तिनं केलेलं काज माझ्यापुढं धरलं. टाके मोहरीएवढे, एकसारखे. "पण शाळेचं डोकं वेगळं. ते तुम्हाला कळतं, आम्हाला नाही."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. ‘मी चुकलो. तुमच्या मुलीचा खेळ सगळ्यांत चांगला होता. लोक बोलतील म्हणून मी तो मागं ठेवला.’ तीन वाक्यं. ती तीन वाक्यं मी त्यानंतर हजार वेळा मनात बोललोय, कन्नडमध्येही आणि मराठीतही. त्या दिवशी बाकावरची दोन गिऱ्हाइकं माझ्याकडं आदरानं बघत होती. वडील कात्री खाली ठेवून ऐकत होते. मी खोटं ठरलो तर ह्या माणसाला उद्या औषधाच्या बाटलीवरचं कोण वाचून सांगणार, असला काही तरी विचारही मी केला. सबब शोधायला बसलं की सापडतेच.

"बघू, पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो.

"सरी," ते म्हणाले, आणि आत हाक मारली, "सारना कॉफी आण गं."

ती पेल्या-वाटीत कॉफी घेऊन आली. पुढं ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"सार, मुलं अजून खेळतात का तो?"

"खेळतात," मी म्हणालो. ते खरं होतं.

"उंदीर कोण होतं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी जवळ जाऊन बघितलंच नव्हतं. "पाळीपाळीनं होतात," मी ठोकून दिलं.

"मग चुकतंय त्यांचं," ती म्हणाली. "उंदीर कुणाचाच नसतो. तो आपोआप चालतो. सांगा त्यांना."

मी सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नवीन मुलं आली, व्हरांड्यात गोट्यांचा हंगाम सुरू झाला आणि तो खेळ शाळेतून गेला.

पुढच्या वर्षी मी पुन्हा खेळ करून घेतले. ह्या वेळी मुलांना सांगितलं, घरी म्हाताऱ्या माणसांना विचारा. इन्स्पेक्टर खूश झाले, माझं नाव वर पाठवलं, आणि मला प्रशिक्षणात इतर मास्तरांना ही पद्धत समजावून सांगायला बोलावलं. मी सांगितली. टाळ्या पडल्या. ही कल्पना कुणाची, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मला कळलं, की लोअर सेकंडरीची, म्हणजे मिडल स्कूलच्या शेवटची, परीक्षा शाळेत न येता बाहेरूनही देता येते. तेव्हा कुठं मला थोडा धीर आला. मी फॉर्म आणला, घरी बसून तिचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, सगळं स्वतःच्या हातानं स्वच्छ अक्षरात भरलं, शाळेचा शिक्का घेतला. पुस्तकंही गोळा केली. संध्याकाळी तासभर शिकवायला मी येईन, असं ठरवूनच निघालो. वडील बाजारात गेले होते. ती एकटीच मशिनीवर होती. आता ती काजं करत नव्हती, ब्लाउज बेतत होती. पंधरा-सोळा वर्षांची, ओठांत दोन टाचण्या धरलेल्या.

मी फॉर्म पुढं केला आणि काय ते सांगितलं. तिनं टाचण्या काढून ठेवल्या, फॉर्म नीट वाचला, वरपासून खालपर्यंत.

"अक्षर किती चांगलं आहे हो तुमचं," ती म्हणाली. शाळेबाहेर असल्यानं मराठीत बोलत होती.

"सही फक्त तुझी हवी."

"आता काय करू परीक्षा देऊन, सार? श्रावणात माझं लग्न आहे. हासन गावाकडं. त्यांचं दुकान आहे."

"लग्नानंतरही देता येईल."

ती हसली. रागानं नाही. आमच्या घरातल्या बायका लहान मुलाच्या हट्टाला हसतात तशी.

"त्या दिवशी तुम्ही ‘इल्ल सार’ म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं तुम्ही विसरलात. म्हटलं, एवढे पुठ्ठे, लक्षात नसेल. मला कपाटाच्या किल्लीची जागा माहीत होती. वाटलं, पळत जाऊन आणावा. पण हातात गुलाबदाणी होती."

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो.

हे मी तिला खरं सांगितलं. एवढंच एक. ती माझ्याकडं बघत राहिली, मी पुढं काही बोलेन म्हणून असेल. मग तिनं फॉर्म तसाच सही न करता माझ्या हातात परत दिला, टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि मशीन सुरू केलं.

आमच्या गल्लीत त्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसायची हौस असलेली आणखी एक मुलगी होती. तिच्या आईनं मला दोनदा विचारलं होतं, फॉर्म मिळेल का. नवे फॉर्म संपले होते, आणि त्यांना हा देता आला नाही. त्यावर नाव घातलेलं होतं.